ब्लॉकचेन ॲपचा वेब इंटरफेस: उभारणी, होस्टिंग आणि रोजची देखभाल

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर ठेवलेला, आपोआप चालणारा प्रोग्राम) साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, चढलं की ते आपल्या नियमांनी चालत राहतं. पण बहुतेक लोकांची त्याच्याशी गाठ पडते ती एका वेबपानातूनच. हे पान साखळीवरची माहिती वाचून दाखवतं, वॉलेटशी (खात्याची किल्ली सांभाळून सही करणाऱ्या ॲपशी) बोलतं, व्यवहाराचा मसुदा तयार करून सहीसाठी वॉलेटपुढे ठेवतं आणि पुढे त्या व्यवहाराचं काय झालं ते कळवतं. खाजगी किल्ली, म्हणजे सही करायचा गुप्त आकडा, पानाकडे कधीच येत नाही, ती वॉलेटातच राहते. म्हणजे पानाच्या हातात फक्त दाखवणं आणि विचारणं आहे. जे दाखवलं ते साखळीवर जे आहे त्याच्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. खालच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

इथे इथेरियम आणि त्याच्याशी सुसंगत साखळ्या गृहीत धरल्या आहेत. जावास्क्रिप्ट आणि रिॲक्टची तोंडओळख हवी. सॉलिडिटी, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा, लिहिता आली नाही तरी चालेल, वाचता यावी.

सामानसुमान

नोड जेएसची २२ किंवा त्यापुढची सम क्रमांकाची आवृत्ती घ्या. दीर्घकाळ आधार मिळतो तो सम आवृत्त्यांनाच. ब्राउझरमध्ये मेटामास्कसारखं वॉलेट हवं, पण त्यासाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल काढा आणि त्यात नवं, रिकामं वॉलेट तयार करा. खरे पैसे असलेल्या वॉलेटवर चाचण्या करू नका. दिवसाकाठी पन्नास वेळा 'कन्फर्म' दाबायची सवय लागते आणि एकावन्नाव्या वेळी काय दाबतोय ते बघितलं जात नाही.

कॉन्ट्रॅक्टच्या दोन गोष्टी लागतात: पत्ता आणि एबीआय. कोणतं फंक्शन कोणत्या प्रकारची मूल्यं घेतं आणि काय परत देतं याची जेसन यादी म्हणजे एबीआय. कॉन्ट्रॅक्ट घडवायच्या साधनांपैकी हार्डहॅटमध्ये ती 'आर्टिफॅक्ट्स' फोल्डरात मिळते, फाउंड्रीत 'आउट' फोल्डरात. दुसऱ्या कोणाच्या कॉन्ट्रॅक्टसाठी पान करत असाल, तर इथरस्कॅनवर (साखळीवरचे व्यवहार आणि कोड दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) पडताळलेल्या कोडसोबत ती असते. कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सीमागे (आलेले कॉल दुसऱ्याकडे वळवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमागे) असेल तर मात्र नवखे इथेच अडतात. प्रॉक्सीच्या स्वतःच्या एबीआयमध्ये तुम्हाला हवी ती फंक्शन्स नसतात. अशा वेळी पत्ता प्रॉक्सीचा आणि एबीआय मागच्या मूळ कॉन्ट्रॅक्टचा, अशी जोडी लावायची. उलट केलंत, म्हणजे पत्ताही मूळ कॉन्ट्रॅक्टचाच दिलात, तर कॉल यशस्वी होतात पण सगळीकडे शून्य दिसतं, कारण साठवलेली माहिती प्रॉक्सीकडे असते.

आधी स्थानिक साखळी

फाउंड्रीमधला ॲनव्हिल सुरू केला की तुमच्याच यंत्रावर ८५४५ या पोर्टवर एक साखळी चालू होते. तिचा चेन आयडी (साखळीचा ओळख क्रमांक) ३१३३७ असतो आणि चाचणीच्या प्रत्येकी १०,००० इथर असलेली दहा खाती तयार मिळतात. हार्डहॅटच्या नोडचा पोर्ट आणि चेन आयडी तोच, खाती वीस. या खात्यांच्या खाजगी किल्ल्या जगजाहीर आहेत. मुख्य साखळीवर त्यांच्यावर चुकून पैसे पाठवले तर टपून बसलेले बॉट ते उचलतात.

ॲनव्हिल डीफॉल्टने प्रत्येक व्यवहार तत्क्षणी ब्लॉकमध्ये घालतो. सोयीचं वाटतं, पण त्यामुळे 'व्यवहार प्रलंबित आहे' ही अवस्था तुम्हाला कधी दिसतच नाही, आणि नेमक्या त्याच अवस्थेत बहुतेक इंटरफेस फुटतात. म्हणून ब्लॉक-टाइम १२ हा पर्याय देऊन तो चालवा. खऱ्या इथेरियमवरही दर १२ सेकंदांनी ब्लॉकची वेळ येते.

स्थानिक साखळी बंद करून पुन्हा सुरू केली की ती शून्यापासून सुरू होते, वॉलेटच्या आठवणीत मात्र जुना नॉन्स (खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक) राहतो. मग व्यवहार अडकतो किंवा नॉन्स जास्त असल्याची त्रुटी येते. कोडमध्ये काहीही चुकलेलं नसतं. मेटामास्कच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन त्या खात्याची ॲक्टिव्हिटीची नोंद साफ केली की काम होतं.

प्रकल्पाचा सांगाडा

१. टर्मिनलमध्ये एनपीएमची 'क्रिएट व्हीट' ही आज्ञा द्या आणि रिॲक्ट व टाइपस्क्रिप्टचा साचा निवडा.

२. तीन पॅकेजेस बसवा: वॅग्मी, व्हिएम आणि टॅनस्टॅकची रिॲक्ट क्वेरी. साखळीशी प्रत्यक्ष बोलतं ते व्हिएम. वॅग्मी त्यावरचे रिॲक्टचे हुक देतं. वाचलेली माहिती साठवून वेळेवर ताजी करायचं काम क्वेरीचं.

३. कॉन्फिगची एक फाइल करा. त्यात कोणत्या साखळ्या चालतील आणि प्रत्येकीसाठी कोणता आरपीसी पत्ता (साखळीशी जोडलेल्या सर्व्हरला, म्हणजे नोडला, विनंती करायचा पत्ता) वापरायचा ते लिहा.

४. ॲपभोवती बाहेरून वॅग्मी प्रोव्हायडर आणि त्याच्या आत क्वेरी क्लायंट प्रोव्हायडर गुंडाळा.

५. 'एनपीएम रन डेव्ह' चालवा. पान ५१७३ या पोर्टवर उघडेल. फोल्डरातल्या एचटीएमएल फाइलवर डबल क्लिक करून पान उघडू नका. फाइल म्हणून उघडलेल्या पानात मेटामास्क स्वतःला जोडत नाही आणि वॉलेट सापडत नाही म्हणून तुम्ही उगाच शोधत बसाल.

एबीआय टाइपस्क्रिप्टच्या फाइलीत ठेवून शेवटी 'ॲज कॉन्स्ट' जोडा. तेवढ्याने फंक्शनचं नाव किंवा मूल्याचा प्रकार चुकला तर एडिटरच लाल रेघ मारतो. कॉन्ट्रॅक्टचे पत्ते चेन आयडीप्रमाणे एका तक्त्यात ठेवा: १ म्हणजे इथेरियम, १११५५१११ म्हणजे सेपोलिया ही चाचणीची साखळी, ३१३३७ म्हणजे स्थानिक. तक्त्यात नसलेल्या साखळीवर पानाने बटण बंद ठेवून कारण सांगायचं. तक्त्यात पत्ता सापडला नाही तर मुख्य साखळीचाच पत्ता परत देणारा कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो लिहू नका.

आरपीसीचं काय? फुकटचे सार्वजनिक पत्ते शिकायला ठीक असतात, पण चार लोक आले की ४२९ ची त्रुटी सुरू होते, म्हणजे विनंत्या फार झाल्या. नोड पुरवणाऱ्या सेवेकडून स्वतःची किल्ली घ्या आणि व्हिएमच्या फॉलबॅक सोयीने दुसऱ्या सेवेचा पत्ता मागे ठेवा. ही किल्ली पर्यावरण फाइलीत ठेवली म्हणून ती गुप्त झाली असं मात्र समजू नका. 'व्हीट' या अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक चलराशी बिल्डमध्ये जशीच्या तशी उतरते आणि कोणालाही ब्राउझरमध्ये वाचता येते. सेवेच्या सेटिंगमध्ये ती किल्ली फक्त तुमच्या डोमेनवरूनच चालेल असं बंधन घाला आणि रोजची कमाल मर्यादा लावा. खाजगी किल्ली तर या फाइलीच्या आसपासही फिरकता कामा नये.

वाचायला वॉलेट लागत नाही

पान उघडताच 'आधी वॉलेट जोडा' म्हणून दार लावून घेणारे इंटरफेस फार आहेत. त्याला तांत्रिक कारण काही नाही. वाचन आरपीसीवरून होतं आणि त्याला गॅसही (साखळीवर काम करून घेण्याचं शुल्क) पडत नाही. एकूण ठेव, दर, मुदत असं जे सगळ्यांसाठी सारखंच आहे, ते वॉलेटशिवाय दाखवा.

वीस मूल्यं वाचायची तर वीस विनंत्या नकोत. मल्टिकॉल३ हे कॉन्ट्रॅक्ट बहुतेक साखळ्यांवर एकाच पत्त्यावर आहे आणि व्हिएम त्याच्यामार्फत सगळं एका फेरीत आणतं. दर सेकंदाला ताजं करण्यातही अर्थ नाही. नवा ब्लॉक आला की करा.

जुने इव्हेंट (कॉन्ट्रॅक्टने साखळीवर सोडलेल्या नोंदी) वाचताना सुरुवातीचा ब्लॉक शून्य देऊ नका, कॉन्ट्रॅक्ट ज्या ब्लॉकमध्ये चढलं तो द्या. बहुतेक सेवा एका विनंतीत किती ब्लॉक पाहता येतील यावर मर्यादा घालतात, तेव्हा तुकडे पाडावे लागतात. इतिहास मोठा असेल तर द ग्राफसारख्या अनुक्रमणिका करणाऱ्या व्यवस्थेकडे जा. ब्राउझरकडून ते काम करून घेणं म्हणजे वापरणाऱ्याचा फोन तापवणं.

आकड्यांची गडबड

सर्वात महागात पडणाऱ्या चुका या भागात होतात. साखळीवर दशांश चिन्ह नसतं. एक इथर म्हणजे १ वर १८ शून्यं इतके वेई. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच अचूक राहतो आणि ०.०१ इथरचे वेई त्याच्या पुढे गेलेले असतात. म्हणून रक्कम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बिगइंट म्हणूनच फिरवा. दाखवताना फॉरमॅटयुनिट्स, घेताना पार्सयुनिट्स. मध्ये कुठेही पार्सफ्लोट नको. बिगइंट जेसन स्ट्रिंगिफायला दिला की त्रुटी येते, तेव्हा लोकल स्टोरेजमध्ये ठेवण्याआधी त्याची स्ट्रिंग करा.

प्रत्येक टोकनला १८ दशांश स्थळं असतात हाही गैरसमज. इथेरियमवर यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनला सहा आहेत. अठरा धरून ५ यूएसडीसी दाखवलेत तर पानावर ०.०००००००००००५ उमटेल. ते निदान लगेच कळतं. उलट दिशेने, म्हणजे घेतलेली रक्कम अठराने वाढवलीत, तर मागितलेली टोकन खर्च करायची परवानगी एक लाख कोटी पट होते, आणि बटण दाबणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डेसिमल्स हे फंक्शन कॉन्ट्रॅक्टकडूनच वाचा.

शिल्लक दाखवताना वर गोल करू नका, खालीच छाटा. खरी शिल्लक १.२३४५६ असताना पानावर १.२३५ दिसलं की माणूस तेवढेच टाकतो आणि व्यवहार फसतो. 'कमाल' बटण इथरसाठी असेल तर त्यातून गॅसपुरती रक्कम मागे ठेवा. साध्या हस्तांतरणालाही २१,००० गॅस लागतो, कॉन्ट्रॅक्टच्या कॉलला त्याहून जास्त. रकमेच्या चौकटीत लोक स्वल्पविराम चिकटवतात, मागेपुढे मोकळी जागा सोडतात, मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकही टाकतात. हे सगळं पार्सयुनिट्सकडे जाण्याआधी साफ करा.

वॉलेट जोडणं

पूर्वी प्रत्येक वॉलेट ब्राउझरच्या विंडो.इथेरियम या एकाच जागेवर बसायचं, आणि दोन वॉलेट असली की शेवटी आलेलं जिंकायचं. ईआयपी-६९६३ या इथेरियमच्या मानकाने हा तंटा सोडवला: प्रत्येक वॉलेट आपलं नाव आणि चिन्ह स्वतंत्रपणे जाहीर करतं. वॅग्मी ते आपोआप ऐकतं, तुम्ही फक्त यादी दाखवायची. मोबाइलच्या साध्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन नसतं, तिथे वॉलेटकनेक्ट (पानाला फोनमधल्या वॉलेटशी जोडणारी सेवा) लागतं आणि त्यासाठी प्रोजेक्ट आयडी काढावा लागतो.

पान उघडताच जोडणीची खिडकी डोळ्यांसमोर आदळू नये, ती बटण दाबल्यावरच यावी. त्यानंतर येणारे त्रुटींचे क्रमांक ओळखीचे करून घ्या. ४००१ म्हणजे माणसाने नकार दिला. हा बिघाड नव्हे, तेव्हा लाल पट्टी न दाखवता बटण पूर्ववत करा. उणे ३२००२ म्हणजे आधीची विनंती वॉलेटात उघडी पडून आहे. 'वॉलेट उघडून आधीची विनंती पूर्ण करा' असं सांगा. ४९०२ म्हणजे ती साखळी वॉलेटला माहीतच नाही. आधी जोडायला लावा, मग बदलायला.

वापरणारा मध्येच खातं बदलतो, साखळी बदलतो. खातं बदललं की आधीच्या खात्याची शिल्लक क्षणभरही दिसता कामा नये. व्यवहार पाठवताना चेन आयडी स्पष्ट द्या, म्हणजे वॉलेट भलत्याच साखळीवर असेल तर व्यवहार निघण्याआधीच अडेल.

वॉलेट जोडलं म्हणजे त्या पत्त्याची मालकी सिद्ध झाली असं नाही. ब्राउझरकडून सर्व्हरला कोणताही पत्ता सांगता येतो. लॉगिन हवं असेल तर ईआयपी-४३६१ प्रमाणे संदेशावर सही घ्या, आणि डोमेन, मुदत व एकदाच वापरायचा यादृच्छिक क्रमांक सर्व्हरवर तपासा.

व्यवहाराचा प्रवास

क्रम असा ठेवा: आधी सिम्युलेट, मग वॉलेटात सही, मग हॅश (व्यवहाराची ओळख), मग पावती (ब्लॉकमध्ये गेल्यावरचा निकाल). सिम्युलेट म्हणजे तोच कॉल गॅस न खर्चता नोडवर चालवून पाहणं. कॉन्ट्रॅक्ट नाकारणार असेल तर कारण इथेच कळतं. ते कारण माणसाच्या भाषेत सांगा: 'मुदत संपली आहे', 'शिल्लक अपुरी आहे'. कॉन्ट्रॅक्टच्या स्वतःच्या त्रुटी एबीआयमध्ये असतील तरच त्यांची नावं उलगडतात. नसतील तर सोळा-आधारी अंकांची रांग हाती पडते.

हॅश मिळाला म्हणजे व्यवहार झाला, ही नवख्यांची नेहमीची समजूत. हॅश म्हणजे फक्त 'पाठवला'. पावती आल्यावर तिच्यातली स्थिती पाहायची: १ म्हणजे यशस्वी, ० म्हणजे उलटला. उलटलेल्या व्यवहाराचाही गॅस जातो, आणि तसं स्पष्ट सांगितलं नाही तर 'पैसे गेले पण काम झालं नाही' ही तक्रार तुमच्याकडे येते.

बटणाला म्हणून निदान चार अवस्था हव्यात: तयार, वॉलेटात सहीची वाट, साखळीवर वाट, निकाल. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत ते दाबता येऊ नये. हॅश लोकल स्टोरेजमध्ये ठेवा, म्हणजे पान ताजं केलं तरी वाट पाहणं सुरू राहील. वापरणाऱ्याने वॉलेटातून 'वेग वाढवा' दाबलं तर त्याच नॉन्सचा जास्त शुल्काचा नवा व्यवहार निघतो आणि हॅश बदलतो. व्हिएममध्ये बदली ओळखणारी सोय आहे, ती वापरली नाही तर पान जुन्या हॅशकडे डोळे लावून बसतं.

एका ब्लॉकनंतर 'झालं' म्हणणं रोजच्या कामाला पुरतं. पण त्या व्यवहाराच्या भरवशावर साखळीबाहेर काही द्यायचं असेल, तर तो अंतिम होईपर्यंत थांबा. इथेरियमवर सुरळीत चालू असताना याला सुमारे १३ मिनिटं लागतात.

टोकन कॉन्ट्रॅक्टकडे द्यायचं तर साधारणपणे दोन व्यवहार लागतात: आधी परवानगी, मग मूळ काम. हे दोन टप्पे पानावर आधीच दिसू द्या, नाहीतर पहिल्या सहीनंतर काम संपलं समजून लोक निघून जातात. परवानगी हव्या तेवढ्याच रकमेची मागा. अमर्याद परवानगीने पुढचा एक व्यवहार वाचतो खरा, पण कॉन्ट्रॅक्टमध्ये कधी भोक सापडलं तर त्या टोकनची वॉलेटातली सगळी शिल्लक उघड्यावर येते.

टेस्टनेट आणि होस्टिंग

स्थानिक साखळीवर सगळं चाललं की सेपोलियावर या. गोएर्ली हे जुनं टेस्टनेट बंद झालं आहे. जुन्या लेखांत ते दिसलं तर तो लेख शिळा समजा. चाचणीचे इथर फॉसेटमधून, म्हणजे ते फुकट वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून, मिळतात.

'एनपीएम रन बिल्ड' चालवलं की 'डिस्ट' फोल्डरात स्थिर फाइली तयार होतात. त्या कोणत्याही स्थिर होस्टिंगवर चालतात. आतल्या पानावर रिफ्रेश केल्यावर ४०४ येत असेल तर सगळे मार्ग मुख्य एचटीएमएल फाइलीकडे वळवायचा नियम राहिला आहे. एचटीटीपीएस पानातून साध्या एचटीटीपी आरपीसीकडे केलेली विनंती ब्राउझर अडवतो, तेव्हा आरपीसीही एचटीटीपीएसच हवा.

आयपीएफएसवर (एका सर्व्हरऐवजी अनेक यंत्रांवर फाइली ठेवणाऱ्या जाळ्यावर) ठेवायचं असेल तर व्हीटमध्ये बेस सापेक्ष करा आणि मार्गांसाठी हॅश राउटर घ्या. नाहीतर गेटवेवर पान पांढरं दिसेल. बिल्ड बदललं की सीआयडी, म्हणजे फाइलींच्या आशयावरून ठरणारा पत्ता, बदलतो. लोकांना प्रत्येक वेळी नवा पत्ता नको म्हणून ईएनएस या साखळीवरच्या नावांच्या व्यवस्थेत घेतलेल्या आपल्या नावाची कंटेंट-हॅश नोंद त्याकडे वळवतात.

हल्ला पानावर होतो

डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो प्रकल्पाच्या पानात चोरलेल्या क्लाउडफ्लेअर किल्लीच्या आधारे स्क्रिप्ट घुसवली गेली. तिने लोकांकडून परवानग्या घेतल्या आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्व्ह या टोकन अदलाबदलीच्या सेवेचं डीएनएस वळवलं गेलं. १४ डिसेंबर २०२३ ला लेजर कनेक्ट किट या एनपीएम पॅकेजची दूषित आवृत्ती निघाली आणि ते वापरणारी अनेक पानं एकदम बाधित झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेफ वॉलेटच्या पानातली जावास्क्रिप्ट बदलून बायबिट या क्रिप्टो बाजाराचे सुमारे दीड अब्ज डॉलर पळवले. सही करणाऱ्यांना पानावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता. चारही वेळा घाव कॉन्ट्रॅक्टवर न पडता पान आणि त्याच्या पुरवठ्यावर पडला.

तेव्हा पॅकेजच्या आवृत्त्या लॉकफाइलीत पक्क्या करा आणि सर्व्हरवर बिल्ड करताना 'एनपीएम सीआय' वापरा, 'इन्स्टॉल' नव्हे. नवी आवृत्ती आली त्याच दिवशी चढवू नका. वॉलेटशी बोलणाऱ्या पानावर गप्पांचा चौकोन, जाहिरात किंवा बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी स्क्रिप्ट ठेवू नका. सीएसपी (पानाला काय चालवता येईल याचे नियम) हेडर लावून स्क्रिप्ट फक्त स्वतःच्या डोमेनवरून आणि जोडण्या फक्त तुमच्या आरपीसी व वॉलेट सेवांकडे, एवढंच मोकळं ठेवा. पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडू नये म्हणून फ्रेम-ॲन्सेस्टर्सचा नियम घाला. तो मेटा टॅगमधून चालत नाही, हेडरमधूनच द्यावा लागतो, आणि सार्वजनिक आयपीएफएस गेटवेवर हेडर तुमच्या हातात नसतात. डोमेन नोंदणी, डीएनएस, होस्टिंग आणि एनपीएम या चारही खात्यांना हार्डवेअर किल्लीचं दुसरं कुलूप लावा. एसएमएसवर विसंबू नका.

सुरू झाल्यावर त्रुटींची नोंद ठेवा, पण ४००१ त्यातून गाळा, नाहीतर खऱ्या बिघाडांचा आवाज त्यात बुडतो. दर काही मिनिटांनी प्रत्यक्ष मिळणाऱ्या फाइलींचा हॅश मूळ बिल्डच्या हॅशशी ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट वेगळ्या यंत्रावर चालवा. फरक दिसला की ती तुम्हाला उठवेल. त्या वेळी हाताशी हवं असं एक साधं एचटीएमएल पान आधीच करून ठेवा, ज्यात वॉलेटशी बोलणारी एकही ओळ नाही. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात: पान बंद आहे, काही सही करू नका, आणि खालच्या पत्त्याला दिलेली परवानगी रद्द करा. पत्त्याची जागा रिकामी सोडा, कारण हल्लेखोराने कोणता पत्ता घुसवला ते तेव्हाच कळणार आहे.